जन्मापासून इडियट

बालाघाट
५ जुलै १९५६

ती. मामांना,
कमलाचा नमस्कार.

बाबांच्या तेरवीला तुम्ही येऊन गेलात, त्यानंतर मी एकही पत्र पाठवलं नाही. रागावू नका. शाळा उघडली. यंदा चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. पोरं जास्त आणि बाकं कमी, म्हणून अर्धा वर्ग जमिनीवर बसतो.

गावी सगळे ठीक आहेत. आईचे गुडघे दुखतात. धान पेरून झालं. प्रेमलाल आणि फकिरा दोघे भाऊ शेतावरच असतात.

एक विचारायचं होतं. तुम्ही आयुष्यभर इंग्रजी शिकवलंत आणि शब्दांची मुळं खणत बसणं हा तुमचा छंद, म्हणून तुम्हालाच विचारते. ‘इडियट’ या शब्दाचा खरा अर्थ काय? आमचे हेडमास्तर पोरांना रोज म्हणतात तो अर्थ मला माहीत आहे. त्यापलीकडे काही आहे का? कोर्टकचेरीत हा शब्द वापरतात म्हणे, तेव्हा त्याचा अर्थ काय धरतात? सहज विचारते आहे.

तुमची,
कमला

नागपूर
१३ जुलै १९५६

चि. कमलास,
आशीर्वाद.

मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली. या चार वर्षांत कोणी मला एका शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. तुझं पत्र आलं आणि मी चहा तसाच ठेवून पुस्तकं काढली.

हा शब्द मी वर्गात इतक्या वेळा वापरला आहे की त्याची मला लाज वाटायला हवी. आणि गंमत अशी की मुळात ती शिवी नव्हतीच. ग्रीक भाषेत ‘इडिऑस’ म्हणजे स्वतःचं, खाजगी. त्यावरून झाला ‘इडिओटीस’. जो गावच्या सभेत जात नाही, सरकारी पदावर नाही, आपलं घर आणि आपलं शेत सांभाळून असतो, तो. म्हणजे बहुतेक सगळी माणसं. पुढे सभेतल्या लोकांनीच ठरवलं की सभेत न येणाऱ्याला काही कळत नाही. मग तो झाला अडाणी. रोमन लोकांनी शब्द उचलला तो याच अर्थाने. इंग्रजीत आला तेव्हाही आधी ‘न शिकलेला माणूस’ एवढंच होतं. मग घसरत घसरत ‘बुद्धी नसलेला’ इथवर पोचला. शब्दाने स्वतः काही केलं नाही. ज्यांच्या तोंडी तो होता, त्यांनी त्याला खाली ढकललं.

आता कोर्टाचं. इंग्लंडात जुना नियम असा की ज्याला वीस नाणी मोजता येत नाहीत, आपले आईबाप कोण हे सांगता येत नाही आणि आपलं वय सांगता येत नाही, तो इडियट. त्याची जमीन राजा ताब्यात घेई आणि त्याला जगण्यापुरतं अन्न देई. एक अट मात्र पक्की: माणूस जन्मापासून तसा असला पाहिजे. मागाहून आजाराने बुद्धी गेली तर तो इडियट नव्हे, त्याला वेगळा शब्द. आपल्या हिंदू कायद्यातही साहेबांनी हीच अट आणून ठेवली आहे. जन्मापासून इडियट असेल त्याला वडिलोपार्जित वाटा नाही.

तुमच्या हेडमास्तरांना सांग, डोमाजी मास्तर म्हणतो, चौथीची पोरं ग्रीक अर्थाने इडियट आहेत आणि तसंच राहू द्या त्यांना.

दुर्गाच्या गुडघ्यांना करंजाचं तेल चोळायला सांग. आणखी शब्द विचारत जा.

तुझा मामा,
डोमाजी

बालाघाट
२० सप्टेंबर १९५६

ती. मामांना,
नमस्कार.

मी ‘सहज विचारते’ असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं.

बाबा गेल्यावर महिन्याभरातच प्रेमलालने सगळी जमीन एकट्याच्या नावावर करायला अर्ज दिला. फकिराचं नाव घातलंच नाही. पटवाऱ्याने विचारलं तेव्हा म्हणाला, ‘थो इडियट हाय, त्याचा हक नाही बनत.’ हा शब्द त्याला बंडोपंत वकिलांनी दिला. मला मे महिन्यात कळलं. फकिरातर्फे मी हरकत घेतली आहे आणि आता ते प्रकरण बालाघाटच्या कोर्टात आहे. तुम्हाला लिहिलं नाही, कारण आईने शपथ घातली होती की घरातली गोष्ट माहेरच्या माणसांना कळू द्यायची नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा मला फार बरं वाटलं. जन्मापासून, हा शब्द वाचला आणि वाटलं, आपण जिंकलो. तुम्ही तेव्हा वाशीमला नोकरीत होता, म्हणून तुम्हाला माहीत नसेल. फकिरा पाच वर्षांचा होईपर्यंत बोलत होता. माझ्या मागे ‘बाई, बाई’ करत फिरायचा. बैलांना नावाने हाका मारायचा. मग तो मोठा ताप आला. ताप उतरल्यावर त्याला ऐकू येईना आणि ऐकू येईना म्हणून हळूहळू बोलणं गेलं. त्याची बुद्धी कुठेही गेली नाही. पेंढ्या मोजतो, बाजारात सुटे पैसे बरोबर परत आणतो, आईला काय दुखतं ते तिच्या चेहऱ्यावरून ओळखतो. फक्त बहिरा आहे.

पोळ्याला गावी गेले तेव्हा ते पत्र माझ्या पिशवीत होतं. प्रेमलाल म्हणाला, ‘मामाचं पत्र हाय का? वाचू दे मले.’ मी नाही कसं म्हणणार? त्याने दोनदा वाचलं. घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, ‘मामानं मस्त समजावून सांगितलं.’

काल कोर्टाची पेशी होती. बंडोपंतांनी अर्ज दिला की फकिराला कोर्टात हजर करून तीन गोष्टी विचारल्या जाव्यात. वीस नाणी मोजणं, बापाचं नाव, स्वतःचं वय.

पाच वर्षांच्या फकिराला बोलताना ऐकलेली माणसं आता तीनच उरली आहेत. मी, प्रेमलाल आणि आई.

कमला

नागपूर
२८ सप्टेंबर १९५६

चि. कमलास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी माझी सगळी पुस्तकं कपाटात टाकून कुलूप लावलं. शब्दाच्या मागे कोण उभं आहे हे न विचारता मी मास्तरकी केली. त्याबद्दल अधिक लिहीत नाही, त्याने फकिराचं काही भलं होणार नाही.

कामाचं लिहितो. येत्या सोमवारी इथल्या ओळखीच्या एका वकिलाकडे जातो. पण मी वर्तमानपत्रात वाचलं आहे की जूनमध्ये दिल्लीला वारसाचा नवा कायदा झाला. त्यात रोग, व्यंग, बुद्धी, कशाच्याही कारणाने कोणाचा हक्क बुडत नाही. तो शब्दच कायद्यातून काढून टाकला. तुझ्या वकिलाला हे ताबडतोब सांग.

दुर्गाला मी वेगळं पत्र टाकलं आहे. विमलाबाई शेजारी आहेत ना अजून? त्या वाचून दाखवतील. दुर्गा माझी धाकटी बहीण आहे. लहानपणी आमच्या बापापुढे सगळे गप्प बसायचे, तेव्हा खरं बोलायची ती एकटीच. ती कोर्टात आली की हे प्रकरण संपलं असं समज.

डोमाजी

बालाघाट
१० मार्च १९५७

ती. मामांना,
नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर द्यायला हात उचलत नव्हता.

नवा कायदा आम्हाला लागू नाही. बाबा फेब्रुवारीत गेले, कायदा जूनमध्ये आला. बाबा गेले त्या दिवशी जो कायदा होता तोच चालेल, असं न्यायाधीशांनी पुढच्याच पेशीला सांगितलं. आमच्या वकिलाने नागपूरच्या कोर्टाचं नाव काढलं तर सगळे हसले. नागपूर आता दुसऱ्या राज्यात गेलं, आपलं मोठं कोर्ट जबलपूरला.

गुरुवारी फकिराची पेशी झाली. प्रेमलालने त्याला नवं धोतर नेसवून आणलं होतं. त्याला वाटलं बाजाराला चाललो आहोत. बसमधून उतरला आणि मला बघून हसला.

बंडोपंतांनी टेबलावर वीस नाणी मांडली आणि मोठ्याने म्हणाले, ‘गिनो.’ फकिराने नाण्यांकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि सगळी नाणी हाताने गोळा करून त्यांच्याकडे परत सरकवली. त्याला वाटलं, वकील त्याला पैसे देत आहेत. परक्याचे पैसे तो घेत नाही. कागदावर लिहिलं गेलं, मोजता आलं नाही. मी उठून म्हटलं, मला खुणेने विचारू द्या. न्यायाधीश म्हणाले, तुम्ही पक्षकार आहात, बसा.

मग बापाबद्दल विचारलं. ऐकू येत नाही म्हणून न्यायाधीशांनी शिपायाला खूण करायला सांगितली. शिपायाने मिशीवर पीळ दिला आणि हाताने विचारलं, कुठे आहे? मग मामा, फकिरा कोर्टाच्या फरशीवर आडवा झाला. हात छातीवर ठेवले आणि डोळे मिटले. बाबांना अंगणात ठेवलं होतं, तसा.

मागे कोणीतरी हसलं. आमचा वकील म्हणाला, ‘हुजूर, तो सांगतो आहे की बाप मेला.’ बंडोपंत म्हणाले, ‘हे वकीलसाहेबांचं अनुमान आहे. साक्षीदार झोपला, एवढंच दिसलं.’ न्यायाधीशांनी मान खाली घातली. लिहिलं काय ते मला दिसलं नाही. वयाचं कोणी विचारलंच नाही.

त्यानंतर आईला बोलावलं. डोक्यावरून पदर घेऊन ती उभी राहिली. बंडोपंतांनी विचारलं, ‘फकिरा कधीपासून असा आहे?’ ती म्हणाली, ‘जन्मापासून.’ ‘जन्मापासून कसा?’ ती म्हणाली, ‘जन्मापासून इडियट.’ तो शब्द तिने नीट पाठ केला होता, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली. आमच्या वकिलाने विचारलं, ‘पाच वर्षांपर्यंत तो बोलत होता की नाही?’ ‘नाही.’ ‘तुम्हाला माय म्हणत होता की नाही?’ तिने पदर पुढे ओढला. पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाली, ‘नाही म्हटलं कधी.’

फकिरा सगळा वेळ तिच्या तोंडाकडे बघत होता. ती खाली उतरली तसा पुढे होऊन त्याने तिचा हात धरला, गुडघे दुखतात म्हणून.

कमला

नागपूर
१९ मार्च १९५७

चि. कमलास,

दुर्गाने माझ्या तीन पत्रांचं उत्तर दिलेलं नाही. तुझं पत्र वाचल्यावर मी चौथं लिहायला बसलो, आणि काय लिहावं ते सुचलं नाही.

मला वाटतं प्रेमलालने तिला धाकात ठेवलं आहे. किंवा मोठ्या मुलाचा लोभ. बायका म्हातारपणी ज्याच्या घरात राहतात त्याचीच भाषा बोलतात. मी तिला ओळखतो असं समजत होतो, ते चुकलं.

निकाल विरुद्ध गेला तर अपील कर. माझं हृदय बरं नसतं, डॉक्टर प्रवासाला नाही म्हणतात, नाहीतर मी स्वतः आलो असतो. तू आईशी भांडू नकोस. पण तिला एकदा विचार.

डोमाजी

बालाघाट
२ नोव्हेंबर १९५७

ती. मामांना,
नमस्कार.

निकाल ऑगस्टमध्येच लागला. ‘आईपेक्षा विश्वासार्ह साक्षीदार असू शकत नाही,’ असं त्यात लिहिलं आहे. अपील मी केलं नाही. का, ते सांगते.

दिवाळीला गावी गेले. फकिराचं अंथरूण गोठ्याशेजारच्या पडवीत गेलं आहे. जेवण मिळतं, कपडा मिळतो. मी प्रेमलालला बोलले तर म्हणाला, ‘म्या काय त्याले उपाशी ठेवलं? मारलं? जमीन माह्या नावावर झाली म्हणून थो माहा भाऊ नाही राह्यला का?’ तो खोटं बोलत होता असं मला वाटलं नाही. त्याला ते तसंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी अंगणात धान वाळत घालत होतो. मी विचारलं, ‘माय, काहून बोलली तू तसं?’

तिने हात थांबवला नाही. म्हणाली, ‘तू शिकली, पण तुले घर नाही समजत. फकिराले वाटा भेटला असता. मंग? त्याच्यामांगे ना बायको, ना लेकरू. थो मेला की वाटा कोणाचा? प्रेमलालचा. मी डोळे मिटले का एक दिवस त्याच्या जेवणात काही पडलं असतं. आता त्याच्यापाशी काहीच नाही. ज्याच्यापाशी काही नाही, त्याले कोण मारते? बैलाले कोणी मारून टाकते का? चारा घालते आन कामाले लावते. थो जगन.’

मी म्हटलं, ‘प्रेमलाल असं करेल असं वाटते तुले?’

ती म्हणाली, ‘मी त्याची माय आहो.’

मामा, तुम्ही लिहिलं होतं लोभ किंवा धाक. यांतलं काहीच नव्हतं. तिने एका मुलाला जिवंत ठेवण्यासाठी त्याला इडियट केलं आणि दुसऱ्याला मनातल्या मनात खुनी. यावर अपील कुठे करायचं?

कमला

नागपूर
६ फेब्रुवारी १९५९

चि. कमलास,
आशीर्वाद.

गेल्या वर्षभरात तुझी दोनच पत्रं. मी समजू शकतो. आज मात्र चांगली बातमी आहे.

इथे मुक्याबहिऱ्यांची एक शाळा आहे. मोठ्या माणसांनाही सुतारकाम आणि खुणांची भाषा शिकवतात. मी तिथल्या बाईंना जाऊन भेटलो. फकिराचं वय पंचवीस सांगितलं, त्या म्हणाल्या चालेल. राहायला माझी मागची खोली आहे. मला तरी कोण आहे? प्रेमलालला समजावून सांग. जमिनीचा प्रश्न आता उरलेला नाही, तेव्हा त्याने अडवण्याचं कारण नाही. शाळेचं नवं वर्ष जूनमध्ये सुरू होतं.

दुर्गालाही सांग. इथे त्याला कोणी मारणार नाही.

डोमाजी

बालाघाट
२६ फेब्रुवारी १९५९

ती. मामांना,
नमस्कार.

प्रेमलाल हो म्हणाला. मला अपेक्षा नव्हती. फक्त एवढंच म्हणाला की विहीर खणायला घेतली आहे, उन्हाळ्यात ती होऊ दे, फकिरासारखं काम करणारा दुसरा माणूस नाही. मे संपला की पाठवतो. संध्याकाळी आईने ट्रंकेतून बाबांचा लोकरी कोट काढून उन्हात टाकला. नागपुरात थंडी असते का, असं मला विचारलं.

फकिराला मी खुणेने सांगितलं. आगगाडी, मामा, करवत, लाकूड. तुमची खूण तो चष्म्याने करतो. दिवसभर जो भेटेल त्याला चष्मा आणि करवत दाखवत होता.

त्याला घेऊन मी स्वतः येईन.

कमला

बालाघाट
१७ मे १९५९

ती. मामांना,

तार मिळाली असेल. फकिरा गेला.

विहिरीत काळा दगड लागला होता. सुरुंग लावायला महागू येत असे. वात पेटवली की तो ओरडायचा आणि सगळे पळायचे. फकिराला कोणीतरी हाताला धरून न्यायचं, असं ठरलेलं होतं. त्या दिवशी तो पाणी आणायला नाल्यावर गेला होता. महागूने प्रेमलालला विचारलं, ‘बहिरा कुठी हाय?’ प्रेमलाल म्हणाला, ‘थो दूर हाय, लाव तू.’ वात पेटवल्यावर फकिरा बांधावरून घागर घेऊन येताना दिसला. सगळे ओरडले. त्याची पाठ होती त्यांच्याकडे, वासरू बांधातून शिरलं होतं त्याला हाकत होता. मग वळला आणि विहिरीकडेच चालत आला. प्रेमलाल त्याच्या दिशेने धावला हे खरं आहे, महागूही तेच सांगतो. दगड फकिराच्या डोक्याला लागला. प्रेमलालच्या खांद्यालाही लागला आहे.

मी पोचले तोवर कटंगीहून हवालदार आला होता. पंचनामा चालला होता. प्रेमलाल भिंतीला टेकून बसला होता. हवालदाराने विचारलं, ‘इतके लोक ओरडत होते, तर हा पळाला का नाही?’ पंचांपैकी एकाने कोर्टाच्या निकालाचं सांगितलं. हवालदाराला बरं वाटलं. त्याने लिहायला घेतलं, मयत जन्मापासून इडियट असल्याने त्यास धोका समजला नाही, कोणावर संशय नाही.

आई प्रेताजवळ होती. तिथूनच म्हणाली, ‘त्याले समजत होतं. ऐकू येत नव्हतं.’

हवालदार म्हणाला, ‘बाई, तुमचीच साक्ष आहे कोर्टात.’

ती पुन्हा म्हणाली, ‘त्याले सगळं समजत होतं. लिही.’

त्याने लिहिलं नाही. कोर्टाच्या निकालाविरुद्ध मी कसं लिहू, असं मला विचारलं. मी शिकलेली दिसले म्हणून.

कमला

नागपूर
२५ मे १९५९

चि. कमला,

लोकरी कोटाबद्दल तू लिहिलं होतंस, म्हणून मी मागच्या खोलीत एक खुंटी ठोकून ठेवली होती.

दुर्गाला सांग, तिच्यावर माझा राग नाही. तिला त्या घरात राहायचं नसेल तर तुझ्याकडे आण, किंवा माझ्याकडे. मला बाकी काही लिहिता येत नाही.

डोमाजी

बालाघाट
८ ऑगस्ट १९५९

ती. मामांना,
नमस्कार.

आई दोन महिन्यांपासून माझ्याकडे आहे. प्रेमलाल न्यायला आला होता. तिने त्याला जेवू घातलं, खांद्याची जखम पाहिली, हळद लावली आणि परत पाठवलं. गेली नाही.

सकाळी वैनगंगेपर्यंत जाऊन येते, घरातलं काम करते. रडताना मी तिला पाहिलेलं नाही.

काल दुपारी मी वह्या तपासत होते, ती तांदूळ निवडत होती. मधेच म्हणाली, ‘कमला, थो शब्द. इडियट. त्याचा मतलब काय होते?’

तिने भर कोर्टात शपथेवर तो शब्द उच्चारला होता आणि तिला त्याचा अर्थ कोणी सांगितला नव्हता. तिनेही विचारला नव्हता.

तुमचं पहिलं पत्र माझ्यापाशी आहे. त्यातलं काहीही मी सांगू शकले असते. मी म्हटलं, ‘काही नाही माय. ज्याले ऐकू येत नाही, त्याले म्हणतात.’

तिचा हात थांबला. तिने सुपातले खडे एका बाजूला केले. चेहरा थोडा सैल झाल्यासारखा वाटला आणि मला वाटलं, बरं केलं मी.

थोड्या वेळाने ती सुपाकडे बघतच म्हणाली, ‘पण जन्मापासून नव्हता.’

कमला